शेती, अन्न आणि पर्यावरणाचं संज्ञाजाल : पुण्यातल्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

कामाची चौकट आज ठरली. शिवाजीनगरच्या आमच्या खोलीत कृषी मासिकांची कात्रणं आहेत, मेळाव्यांतली माहितीपत्रकं आहेत, शेतकऱ्यांनी ठेवून गेलेले माती-पाण्याचे अहवाल आहेत आणि फोनवर आलेले प्रश्न लिहून ठेवलेल्या वह्या आहेत. ऐवज चांगला आहे, पण वेळेला हाती लागत नाही. दौंडचा शेतकरी विचारतो, "ऊस पिवळा पडलाय, काय मारू?" त्याला हवा तो लेख आमच्याच कपाटात असतो, पण त्याचं शीर्षक असतं ‘चुनखडीयुक्त जमिनीतील सूक्ष्म अन्नद्रव्य व्यवस्थापन’. प्रश्न एका वहीत, उत्तर दुसऱ्या फायलीत, आणि तोवर शेतकरी दुकानात जाऊन बाटली घेऊन आलेला असतो. एका चुकीच्या बाटलीचे पैसे जातात ते जातातच, पण उपचाराचे आठ-पंधरा दिवस हातचे जातात, आणि ते भरून निघत नाहीत. म्हणून हे संज्ञाजाल, म्हणजे एकेका गोष्टीची सगळी नावं आणि त्यांची नाती जोडणारं जाळं, करायचं.

नमुना म्हणून अन्न व कृषी संघटनेचं, म्हणजे एफएओचं ‘अ‍ॅग्रोव्हॉक’ समोर ठेवलंय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छापील संज्ञासूची म्हणून ते सुरू झालं. आज त्यात चाळीस हजारांहून जास्त संकल्पना आणि चाळीसच्या आसपास भाषा आहेत. शेती, अन्न, पोषण, मासेमारी, वनं, पर्यावरण सगळं एकाच जाळ्यात. त्याची मांडणी मला फार आवडली. तिथे नोंद शब्दाची होत नाही, संकल्पनेची होते. प्रत्येक संकल्पनेला स्वतःचा क्रमांक असतो. त्याखाली त्या त्या भाषेतलं मुख्य नाव आणि पर्यायी नावं येतात. मग ती कोणत्या मोठ्या संकल्पनेत मोडते, तिच्या पोटात काय येतं आणि शेजारी कोण आहे, ही नाती. शेजाराच्या नात्यालाही पुढे नाव देता येतं : अमुक हे तमुकचं कारण, अमुक कीड तमुक पिकावर.

मांडणी तिथली घ्यायची आणि आशय पुणे जिल्ह्याचा भरायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

७ नोव्हेंबर

प्रत्येक संकल्पनेचं एक कार्ड. त्याचे रकाने ठरवले. मुख्य नाव, लोक वापरतात ती सगळी नावं, दोन-तीन ओळींत अर्थ, कसं मोजतात आणि एकक कोणतं, वरची-खालची-शेजारची नाती. पुरंदरच्या अंजीरवाल्या ताई म्हणाल्या, "आधी शेतात काय दिसतं ते लिहा. मोजायला आम्ही नंतर जातो, दिसतं आधी." त्यांचं म्हणणं मानून ‘शेतात काय दिसतं’ हा रकाना अर्थाच्याही वर घेतला. मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर यावर थोडे साशंक होते. लक्षणावरून निदान केलं की घोटाळे होतात, हे त्यांचं म्हणणं. म्हणून एक नियम केला : लक्षणाच्या रकान्यात लिहिलेल्या प्रत्येक खुणेसमोर ती खूण दाखवणारी बाकीची कार्डंही जोडायची. एकच खूण एकाच कार्डावर एकटी ठेवायची नाही.

१२ नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस केवड्यावर गेला, आणि जायलाच हवा होता.

वह्या चाळल्या तर ‘केवडा आलाय’ हा प्रश्न पानोपानी. ऊसवाला म्हणतो केवडा, बाजरीवाला म्हणतो केवडा, भेंडीवाला म्हणतो केवडा, नारायणगावकडचा द्राक्षवालाही कधी केवडा म्हणतो, कधी डाऊनी. पानं पिवळी पडली की केवडा, इतकं ते सरळ आहे. पण खाली उतरून पाहिलं तर उसातला केवडा हा बहुतेक वेळा रोगच नसतो. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही, त्याने पानं पिवळी-पांढरी होतात. बाजरीचा केवडा, ज्याला गोसावीही म्हणतात, आणि द्राक्षाचा केवडा हे बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांमुळे होतात, पण दोघांचे सूक्ष्मजीव वेगळे. भेंडीचा केवडा विषाणूचा, आणि तो पांढरी माशी पसरवते.

उपाय तर चारही ठिकाणी निराळे. उसाला फेरस सल्फेटची फवारणी आणि शेणखतात मुरवून दिलेलं लोह. बाजरीला प्रतिकारक वाण, बीजप्रक्रिया आणि गोसावी झालेलं झाड उपटून टाकणं. द्राक्षाला पावसाळी हवेचा अंदाज बघून बुरशीनाशक. भेंडीला पांढऱ्या माशीचा बंदोबस्त, कारण एकदा विषाणू शिरला की त्या झाडावर औषध नाही. उसातल्या लोहाच्या कमतरतेवर बुरशीनाशक मारणारे शेतकरी आमच्या वह्यांत सापडतात. त्यांना कुणी फसवलं असेलच असं नाही. दुकानात ‘केवड्याचं औषध’ मागितलं की मिळतं.

म्हणून केवडा हे नाव चार स्वतंत्र संकल्पनांच्या कार्डांवर पर्यायी नाव म्हणून गेलं. शोधणाऱ्याने ‘केवडा’ टाकलं की पहिला प्रश्न येईल : पीक कोणतं? पीक सांगितल्याशिवाय एकही उत्तर दाखवायचं नाही.

याच धाटणीची करपा आणि मर ही नावंही निघाली. भाताचा करपा, कांद्याचा करपा, टोमॅटोचा लवकर येणारा आणि उशिरा येणारा करपा, ही सगळी वेगळी दुखणी. हरभऱ्याची मर आणि डाळिंबाची मर यांच्या बुरश्या वेगळ्या. भुरीचं मात्र बरं आहे : पीक कोणतंही असो, पानावर पांढरी भुकटी दिसते आणि रोगाची जातकुळी तीच राहते.

१३ नोव्हेंबर

उसाची दोन पानं टेबलावर ठेवून पिवळेपणाचं कार्ड लिहिलं. एक पान शेंड्याजवळचं. पात पिवळसर पांढरी, पण शिरा हिरव्या, लांबीभर रेघा आखल्यासारख्या. दुसरं पान बुडाजवळचं, टोकापासून सरसकट फिकट पिवळं, शिरा आणि पात यांत काही फरक नाही. पहिलं लोहाचं, दुसरं नत्राचं.

यामागचं कारण कार्डावर लिहिलंच पाहिजे, कारण कारण कळलं की खूण विसरत नाही. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. नव्या पानाला ताजं लोह मुळांकडूनच यावं लागतं, म्हणून कमतरता शेंड्याला आधी दिसते. गंधकाची कमतरताही कोवळ्या पानांवर दिसते, पण तिथे शिरांसकट पान फिकटतं. ही तीन कार्डं एकमेकांना जोडली.

आणखी एक वाक्य सरांनी आग्रहाने घालायला लावलं : आपल्या बेसाल्टच्या काळ्या जमिनीत एकूण लोह भरपूर असतं. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ८ च्या वर गेला आणि चुनखडी जास्त असली की ते पिकाला विरघळलेल्या रूपात मिळत नाही. माती परीक्षणात ‘उपलब्ध’ असं लिहितात ते यासाठी. ‘एकूण’ आणि ‘उपलब्ध’ ही दोन वेगळी कार्डं केली, आणि नत्र-स्फुरद-पालाशपासून जस्तापर्यंत सगळी अन्नद्रव्यं ‘उपलब्ध’खाली जोडली.

२० नोव्हेंबर

माती परीक्षण अहवालातले शब्द. सामू पटकन झाला : ६.५ ते ७.५ तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल म्हणजे अल्कधर्मी. पुण्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतले आमच्याकडचे बहुतेक अहवाल ७.५ च्या वरचे आहेत. पश्चिमेला मुळशी-वेल्ह्याकडे पाऊस जास्त, तिथले सामू खाली येतात.

सेंद्रिय कर्बावर, म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थातल्या कार्बनवर, मात्र वेळ गेला. एकाच शेतकऱ्याचे दोन अहवाल, दोन्हींत आकडा ०.४५ टक्के. एकात शेरा ‘कमी’, दुसऱ्यात ‘मध्यम’. शेतकरी गोंधळणार नाही तर काय करणार? दोन्ही शेरे आपापल्या जागी बरोबर आहेत. देशभर चालणाऱ्या तीन पायऱ्यांच्या प्रतवारीत ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त. महाराष्ट्रात वापरतात त्या सहा पायऱ्यांच्या प्रतवारीत ०.४१ ते ०.६० म्हणजे मध्यम. आता कार्डावर दोन्ही प्रतवाऱ्या आहेत, आणि सूचना ठळक : शेऱ्याऐवजी आकडा वाचा, आणि दोन वर्षांची तुलना करायची तर आकड्यांची करा.

मोजण्याच्या पद्धतीचाही मुद्दा याच कार्डावर घेतला. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल टाकतात, सेंद्रिय पदार्थ जळतो, आणि किती डायक्रोमेट खर्च झालं यावरून कर्ब काढतात. चुनखडीतला कर्ब यात मोजला जात नाही. माती भट्टीत जाळून एकूण कर्ब सांगणारं यंत्र असेल तर चुनखडीचाही कर्ब आकड्यात येऊ शकतो. चुनखडीच्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब अचानक दुपटीने वाढलेला दिसला, तर आनंद व्हायच्या आधी पद्धत विचारावी.

कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ यांची सरमिसळ बऱ्याच माहितीपत्रकांत आहे. कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज मिळतो. म्हणजे ०.५ टक्के कर्ब असेल तर सेंद्रिय पदार्थ जेमतेम ०.८६ टक्के.

२६ नोव्हेंबर

खार फुटणं. इंदापूर-बारामतीच्या कालव्याखालच्या भागातून येणारे प्रश्न बहुतेक याचेच. जमिनीवर पांढरा थर आला की लोक खार फुटली म्हणतात आणि पाठोपाठ विचारतात, जिप्सम किती टाकू?

इथे कार्डं दोन, आणि ती एकमेकांपासून स्पष्ट वेगळी ठेवायची. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. पृष्ठभागावर पांढरी पापडी धरते आणि सामू बहुधा ८.५ च्या खाली असतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, सामू ८.५ च्या वर जातो आणि कणांना चिकटलेल्या कॅल्शियमसारख्या घटकांत सोडियमचा वाटा (विनिमययोग्य सोडियम) १५ टक्क्यांपेक्षा जास्त भरतो. पाणी दिलं की चोपण जमिनीचा रबरबीत चिखल होतो, वाळली की टणक, भेगाळलेली. पाणी वरच साचून राहतं. चोपणाला जिप्समचा उपयोग होतो, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून हलवतं. हललेला सोडियम निचऱ्याच्या चरातून बाहेर जावा लागतो, तो गेला नाही तर जिप्समही वाया. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला जिप्समची गरज नसते. तिला हवा निचरा आणि गोड पाण्याने धुवण. निचऱ्याशिवाय दोन्हींची सुटका नाही, म्हणून ‘निचरा’ हे कार्ड दोघांच्या मधोमध बसवलं.

या दुखण्याला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, भूजल वर चढलं आणि पाठोपाठ क्षारही आले. तीच साखळी आजही आमच्या वह्यांत दिसते. ‘कारण’ हे नातं इथे पुरेपूर कामाला आलं : जादा सिंचन, मग उथळ भूजल, मग बाष्पीभवन, मग क्षार.

विद्युत वाहकता म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप. तिच्या कार्डावर लाल शाईत एक ओळ. प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन वाहकता मोजतात. पुस्तकातली ४ डेसीसायमन प्रतिमीटर ही मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरेपूर भिजवलेल्या मातीच्या अर्काची आहे. अडीचपट पाण्यात क्षार पातळ होतात आणि आकडा खाली येतो. त्यामुळे अहवालातल्या १.५ ची तुलना पुस्तकातल्या ४ शी करून ‘जमीन चांगली आहे’ म्हणणं चूक ठरतं.

३ डिसेंबर

किडींची नावं उरकली. मावा, तुडतुडे, फुलकिडे, हुमणी यांत फारसा वाद नाही. लष्करी अळीला मात्र वर्षाची अट घालावी लागली. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये पहिल्यांदा आढळली. त्याआधीच्या कात्रणांत लष्करी अळी म्हटलंय ती दुसरी. २०१८ पूर्वीचं कात्रण नव्या अळीच्या कार्डाला जोडायचंच नाही, असा नियम.

११ डिसेंबर

पाणी. ‘वाफसा’ हे कार्ड लिहिताना सर आणि ताई तासभर बोलत होते, मी टिपत होतो. सरांच्या भाषेत : जास्तीचं पाणी निचरून गेल्यावर माती धरून ठेवते तो ओलावा एका टोकाला, आणि पीक सुकून पुन्हा उभं राहत नाही ती पातळी दुसऱ्या टोकाला. मधला ओलावा पिकाच्या कामाचा. ताईंच्या भाषेत : ढेकूळ मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, सोडलं तर हलकेच फुटावा, हाताला चिकटू नये. वाफशात ओलाव्याच्या जोडीला हवाही आहे, मुळांना श्वास घेता येतो, हे ताईंनी लक्षात आणून दिलं. नुसत्या ओलाव्याच्या टक्क्यात हवा दिसत नाही. म्हणून वाफसा हे स्वतंत्र कार्ड, आणि ओलावा व मातीतली हवा ही दोन्ही त्याची शेजारी.

काळ्या चिकण जमिनीबद्दल एक गैरसमज खोडला. ती पाणी भरपूर धरते हे खरं, पण त्यातलं बरंचसं इतकं घट्ट धरते की मुळांना ओढता येत नाही. पिकाला मिळणारं पाणी म्हणजे दोन टोकांमधला फरक.

एककांचं कार्ड सगळ्यांना आवडलं. १ मिलिमीटर पाणी म्हणजे गुंठ्याला सुमारे १०१ लिटर, एकराला सुमारे ४,००० लिटर. पुण्यातला हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ पासूनचा. बाष्पीभवन पात्राचे आकडे अशा केंद्रांतून येतात, पण मिलिमीटर ऐकून ठिबकचा कॉक किती वेळ उघडा ठेवायचा ते कुणाला कळत नाही. पात्रातून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं, पात्रावरून शेताचा अंदाज काढण्याचा गुणांक ०.७ धरला आणि पीक भर वाढीत असताना पिकाचा गुणांक १ धरला, तर गरज ३.५ मिलिमीटर. म्हणजे गुंठ्याला साधारण ३५० लिटर, एकराला १४,००० लिटर. ठिबकच्या तोट्या ताशी किती लिटर सोडतात हे माहीत असलं की तास निघतात. हे गणित कार्डाच्या मागच्या बाजूला.

टीएमसीचंही कार्ड केलं, कारण पुणेकर पावसाळ्यात रोज तो शब्द वाचतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. हेच पाणी शहराला आणि हेच कालव्याच्या आवर्तनाला. टीएमसीचं कार्ड ‘आवर्तन’ला आणि ‘पिण्याचं पाणी’ला, दोन्हींना जोडलं.

१९ डिसेंबर

शिरूरच्या दूध संकलन केंद्रावर काम करणारा दादा आला होता. फॅट आणि एसएनएफ. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जाहीर होतो, त्याखाली गेलं की कपात. फॅट सगळ्यांना कळतं. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेलं : प्रथिनं, दुग्धशर्करा, खनिजं.

दादाने सांगितलं की भांडण होतं ते एसएनएफवर. कारण साध्या केंद्रात ते थेट मोजत नाहीत, लॅक्टोमीटर (दुधाची घनता दाखवणारं साधन) आणि फॅटवरून सूत्राने काढतात, आणि सूत्रं एकाहून जास्त. लॅक्टोमीटरचं वाचन २८ आणि फॅट ३.५ घेऊन आम्ही कागदावर करून पाहिलं. रिचमंडच्या जुन्या सूत्राने ७.८४ आलं. वाचनाचा चौथा भाग, फॅटचा चौथा भाग आणि ०.४४ अशी बेरीज करणाऱ्या सूत्राने ८.३२ जवळ आलं. सूत्र आणि लॅक्टोमीटर यांची जोडी असते. लॅक्टोमीटर ज्या तापमानाला बेतलेला आहे त्याच तापमानासाठीचं सूत्र लावायचं, आणि दुधाचं तापमान त्याहून वेगळं असेल तर दुरुस्ती करायची. कार्डावर ठळक लिहिलं : कपातीबद्दल विचारायचं असेल तर आधी लॅक्टोमीटरवर छापलेलं तापमान आणि वापरलेलं सूत्र विचारा. उत्पादकाला हा प्रश्न विचारता येणं हा त्याचा हक्क आहे असं मला वाटतं, आणि हे कार्ड दूध केंद्राच्या भिंतीवर लागायला हवं.

२ जानेवारी

द्राक्ष हंगाम तोंडावर, म्हणून फळात उरणाऱ्या फवारणीच्या औषधांची, म्हणजे अवशेषांची कार्डं पुढे ओढली. कमाल अवशेष मर्यादा म्हणजे एमआरएल आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं किमान अंतर) म्हणजे पीएचआय, हे दोन शब्द जुन्नर-बारामतीच्या निर्यातदार बागायतदाराच्या तोंडी असतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत प्रत्येक औषधासमोर दोन्ही दिलेले असतात. ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागू होते. म्हणजे एक टन द्राक्षांत १० मिलिग्रॅम. इतक्या बारीक मापात शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेला फवाराही मोजला जाऊ शकतो.

पीएचआय पाळला की झालं, असं मानू नये. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष मर्यादेबाहेर निघाले आणि कंटेनर अडकले. हे वाढ रोखणारं संजीवक, बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. ते वेलीत मुरतं आणि टिकतं, त्यामुळे काढणीच्या आधीचे दिवस मोजून त्याचा हिशेब लागत नाही. म्हणून ‘संजीवक’ हे कार्डही ‘अवशेष’ला जोडलं.

याच ओघात पुण्याच्या ग्राहकासाठी तीन कार्डं : सेंद्रिय, नैसर्गिक, अवशेषमुक्त. सोसायट्यांच्या आठवडी बाजारात ही तीन नावं एकाच अर्थाने चालतात. सेंद्रिय हे प्रक्रियेचं प्रमाणपत्र आहे. हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ पाळावा लागतो, आणि तपासणी शेताची होते. अवशेषमुक्त म्हणजे तपासलेल्या नमुन्यात अवशेष मर्यादेखाली निघाले. रासायनिक खत-औषध वापरूनही हे शक्य आहे. नैसर्गिक शेतीत बाहेरून निविष्ठा आणायच्या नाहीत हा आग्रह असतो. तिन्ही प्रामाणिकपणे करणारे शेतकरी मी पाहिलेत. पिशवीवर नुसतं ‘विषमुक्त’ लिहिलेलं असलं की मात्र यांपैकी नेमकं काय केलंय ते ग्राहकाला कळत नाही, आणि खरे कष्ट केलेल्या शेतकऱ्यालाच त्याचा तोटा होतो.

१६ जानेवारी

अन्न टिकण्याची कार्डं. ओलावा आणि जल-क्रियता वेगळी ठेवली. जल-क्रियता म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येईल इतकं मोकळं पाणी. शुद्ध पाण्याची १, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. साखर-मीठ पाणी बांधून ठेवतात. म्हणून पाक मुरलेला मोरावळा ओला असूनही टिकतो आणि ओल्या नारळाची चटणी दुसऱ्या दिवशी आंबते. बचत गटाच्या बायकांसाठी हे कार्ड सोप्या शब्दांत पुन्हा लिहायचंय.

२२ जानेवारी

नदी. बीओडी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मैला कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप. आपल्याकडे नमुना बंद बाटलीत २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात, आधीचा आणि नंतरचा विरघळलेला प्राणवायू मोजतात. पाच दिवस, २० अंश ही पद्धत थंड देशांतून आलेली. दोन्ही आकडे एका रकान्यात टाकायचे नाहीत. अंधार कशाला, तर उजेडात शेवाळ प्राणवायू तयार करेल आणि माप फसेल. आंघोळीयोग्य पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३.

मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, पुढे भीमेला जातात, भीमा उजनीत. शहराचं सांडपाणी आणि शेतातलं वाहून आलेलं नत्र-स्फुरद एकाच जलाशयात पोचतं. पाण्याला खत मिळालं की जलपर्णी आणि शेवाळ माजतं, ते कुजताना प्राणवायू खातं, मासे मरतात. याला सुपोषण म्हणतात. शेतीच्या फायलीतलं ‘स्फुरद’ आणि पर्यावरणाच्या फायलीतली ‘जलपर्णी’ इतके दिवस एकमेकांना भेटत नव्हती. आज नातं जोडल्यावर भिगवणच्या मच्छीमाराचा प्रश्न आणि दौंडच्या उसाचा खताचा हिशेब एका पडद्यावर शेजारी आले. हे पाहून मला फार बरं वाटलं. हे जाळं नेमकं याचसाठी करतोय.

२९ जानेवारी

वह्यांतले जुने प्रश्न शेतकऱ्यांच्याच शब्दांत टाकून पाहिले. "पाणी दिलं तरी ऊस सुकतोय" यावर क्षारयुक्त जमीन, मुळकूज आणि हुमणी अशी तीन कार्डं आली. सरांना समाधान वाटलं, कारण क्षार वाढले की पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, हे कार्डातच लिहिलेलं आहे. "दुधाला डिग्री लागत नाही" हा प्रश्न एसएनएफवर पोचला, कारण दादाने ‘डिग्री’ हे नाव पर्यायी नावांत आधीच घालून ठेवलं होतं. "विहिरीचं पाणी मचूळ झालंय" याला मात्र काहीच आलं नाही. मचूळ हा शब्द वाहकता आणि एकूण विरघळलेले क्षार या दोन्ही कार्डांवर चढवला.

५ फेब्रुवारी

नायट्रेटचं कार्ड पूर्ण. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, नायट्रेट म्हणून मोजलेली. काही अहवाल ‘नायट्रेट-नत्र’ देतात, त्यात तीच मर्यादा १० च्या आसपास येते. अहवालात १२ आकडा असेल तर तो कोणत्या रूपातला हे पाहिल्याशिवाय पाणी बरं की वाईट सांगता येत नाही. मातीच्या कार्डांना ते ‘निचऱ्यातून वाहून जाणारं नत्र’ या नात्याने जोडलं, आणि अन्नाच्या कार्डांपैकी ‘लहान बाळांचा आहार’ला, कारण बाटलीच्या दुधात हेच पाणी जातं.

ताईंच्या गावातल्या विहिरीच्या पाण्याचे नमुने पुढच्या आठवड्यात तपासायला द्यायचेत. प्रयोगशाळेला अर्जातच लिहून द्यायचं : आकडा कोणत्या रूपात दिलाय ते अहवालावर नमूद करा. दूध केंद्राचं कार्ड छपाईला गेलं. केवड्याच्या चार कार्डांना फोटो हवेत. भेंडीचा आणि उसाचा मिळाला, बाजरीसाठी खरिपापर्यंत थांबावं लागेल, द्राक्षाचा नारायणगावहून मागवलाय.